अजिंठ्याला जाताय? मग फक्त 'येताना बघू' एवढं म्हणू नका

जळगावात राहणाऱ्या माणसाच्या नशिबी दोन गोष्टी लिहिलेल्याच असतात, थंडीत पाहुणे आले की त्यांना भरीत-भाकरी खाऊ घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठा दाखवायला न्यायचं. मी असं करत करत बारा-पंधरा वेळा तरी लेणी बघितली असतील, आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या निम्म्या वेळा परत येताना गाडीत एक तरी दगड होता जो आमच्यापैकी कोणालाच नको होता. पैसे मात्र आम्हीच दिलेले.

म्हणून हे लिहितोय. लेण्यांचा इतिहास सांगणारे खूप आहेत, पण गाडीतून पाय खाली ठेवल्यापासून ते बसमध्ये बसेपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत काय करायचं हे कोणी सांगत नाही, आणि पाहुण्यांचा मूड तिथेच जातो.

आधी जागा समजून घ्या. आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या पुढे टी पॉइंट म्हणून जागा आहे, लेणी तिथून साधारण ४ किलोमीटर आत, गाडी टी पॉइंटलाच लावायची आणि पुढे एसटीच्या बसने जायचं, प्रदूषणाने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. आणि पार्किंग ते बस या मधल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानांचे गाळे. म्हणजे जातानाही त्या बाजारातूनच जायचं आणि येतानाही त्याच बाजारातून यायचं, दुसरी वाट नाही. सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे.

आता खेळ बघा कसा होतो. तुम्ही गाडीचं दार उघडता, दार पूर्ण उघडायच्या आत एक जण हजर. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यात जांभळे, गुलाबी, पांढरे चमकणारे दगड. तो काही विकतच नाही, म्हणतो "साहेब घेऊ नका, फक्त बघा." तुम्ही म्हणता नको भाऊ. तो म्हणतो "बरं, येताना?" आणि आपण, घाईत, पोरांची टोपी शोधता शोधता, तोंडातून काढून टाकतो, "हां हां, येताना बघू."

झालं. सौदा पक्का.

आपल्याकडे 'येताना बघू' म्हणजे नाही हो, हे आपल्याला माहितीये. मुलगी बघून आल्यावर 'कळवतो' म्हणतात ना, तसलाच तो प्रकार. पण त्यांच्या धंद्यात ते शब्द म्हणजे बुकिंग आहे. तो लगेच विचारणार कुठून आलात, नाव काय, मग स्वतःचं नाव सांगणार, गाळा नंबर सांगणार, "दुसऱ्याकडे जाऊ नका हां, तुम्ही मला शब्द दिलाय." आणि शेवटी पोराच्या हातात एक छोटा खडा, "बाळाला गिफ्ट, पैसे नको." आता तुमच्या डोक्यावर शब्दही आहे आणि उपकारही, आणि तुम्ही अजून लेण्यांच्या पायऱ्या पण चढला नाहीत.

आमच्या मामांचंच सांगतो. मामा धरणगावचे, एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर आठ आण्यांवरून लोकांशी भांडलेला माणूस, त्यांना कोण फसवणार असं आम्हाला वाटायचं. डिसेंबरात गेलो होतो, मामा-मामी, पुण्याहून ताई-दाजी आणि त्यांचा सात वर्षांचा पोरगा. मामांनी जाताना मोठ्या तोऱ्यात त्या दगडवाल्याला सांगितलं, "आता नको भो, येताना तुझ्याकडंच येतो." तीन-साडेतीन तासांनी परतीच्या बसमधून उतरतोय तर हा पठ्ठ्या बरोबर बसच्या दाराशी उभा, आणि एवढ्या गर्दीतून हाक काय मारली, "ओ मामा! धरणगाव!" मामांचा चेहराच फुलला हो, तीन तासांपूर्वी भेटलेल्या माणसाने गावाचं नाव लक्षात ठेवलं म्हणून. मग काय, गाळ्यात खुर्ची, पाणी, चहा नको नको म्हणत असताना आला. जांभळ्या खड्यांचा अर्धा फोडलेला गोटा, सुरुवात ८०० ला, शेवट ३५० ला, आणि मामी म्हणाल्या जोडी असावी, म्हणून दोन.

घरी आल्यावर मामींनी शोकेसमध्ये ठेवायच्या आधी स्वच्छ असावा म्हणून तो दगड बादलीत बुडवला. पाच मिनिटांत बादलीतलं पाणी असं झालं जसं कोणी जांभळं चुरडलीत. दगड राहिला पांढरा. सध्या तो आणि त्याचा जोडीदार उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घालताना धोतराच्या दोन कोपऱ्यांवर ठेवायच्या कामाला येतात, वारा सुटला तरी धोतर हलत नाही, त्या कामाला मात्र एक नंबर.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे नाही हे पहिल्याच वाक्यात म्हणायचं आणि पूर्ण म्हणायचं. "नको दादा, येतानाही नको." हे 'येतानाही नको' फार महत्त्वाचं आहे, कारण त्याचा पुढचा प्रश्न तोच असतो आणि तुम्ही तो आधीच बंद करून टाकता. चिडून म्हणायचं नाही, हसून पण नाही, रिक्षावाल्याला आपण 'नाही, चालत जायचंय' म्हणतो तेवढ्याच साध्या आवाजात. आणि म्हणताना पाय थांबवायचे नाहीत. थांबलेला माणूस म्हणजे अर्धं गिऱ्हाईक. कारणं पण देऊ नका, कारण प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर आहे. तुम्ही म्हणाल पैसे नाहीत, तो म्हणेल फोनवरून टाका. तुम्ही म्हणाल घरात खूप आहेत, तो म्हणेल गिफ्ट द्यायला न्या. मी एकदा हुशारी करून अहिराणीत सांगितलं, "आम्ही आठलाच शेतस रे भाऊ, जळगावना, माले काही लेनं नई," म्हटलं आता हा लोकल समजून सोडेल. तर तो कसला, त्यालाही अहिराणी येत होती, माझ्या मागे दाजींकडे बघून म्हणतो, "मंग पाव्हनास्ले लेऊ द्या ना!" आम्ही सगळेच हसलो आणि हसलो म्हणजे थांबलो, आणि थांबलो म्हणजे पुढचं तुम्हाला माहितीये.

भाव विचारू नका. घ्यायचं नसेल तर गंमत म्हणूनसुद्धा नाही. आमच्या घरातल्या बायकांना ही सवय आहे, भाजी बाजारात पण न घेता चार ठिकाणी भाव विचारतील, जळगावात ते चालतं, टी पॉइंटला नाही चालत. तुम्ही "केवढ्याला" म्हटलं की त्याने ५०० म्हणायचं, तुम्ही सुटका करून घ्यायला "१०० ला देतो का" म्हणायचं, वाटतं तो ऐकणारच नाही, आणि तो म्हणणार "घ्या." आता तुम्हीच बोललेला भाव, नाही कसं म्हणणार.

फुकटचं घेऊ नका, हे पोरांना गाडीतच सांगून ठेवा, घरून निघतानाच, कारण तिथे उतरल्यावर सांगायला वेळ मिळत नाही. आणि हातात कोंबलंच तर खाली टाकू नका, शेवटी त्याच्या पोटाचा माल आहे तो, त्याच्याच खोक्यात परत ठेवायचं आणि पुढे चालायचं. ग्रुप मोठा असेल तर बोलायचं काम एकाकडेच द्या, घरातला जो सगळ्यात रुक्ष माणूस असेल त्याच्याकडे. आमच्याकडे ते दाजी आहेत, आयटीवाले, कानात इअरफोन घालून चालतात, त्यांच्याजवळ कोणी फिरकतसुद्धा नाही.

आता हे झालं टी पॉइंटचं, पण अडकवणारे त्याच्याही आधी भेटतात. बाहेरगावाहून रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव स्टेशनच्या बाहेरच गाठतात, "अजिंठ्याला बस नाही आता, जीपने चला," किंवा सरळ "आज लेणी बंद आहे, दुसरीकडे नेतो." लेणी सोमवारी बंद असतात, सोमवारीच, बाकी दिवशी सकाळी ९ ला उघडतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं, लोक हे दोन वार कायम उलटेपालटे करतात आणि त्याचाच फायदा घेतला जातो. बसचं विचारायचं तर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, रस्त्यावर नको. छत्रपती संभाजीनगरकडे पहूर, फर्दापूरवरून जाणारी गाडी पकडायची, अंतर साधारण ६० किलोमीटर. आणि कंडक्टरला 'अजिंठा' म्हणू नका, 'अजिंठा लेणी' म्हणा, कारण अजिंठा गाव वेगळं आहे, घाट चढून वर, लेण्यांपासून दहा-अकरा किलोमीटर पुढे. तिथे उतरलात की परत खाली यायला जी गाडी करावी लागते ती तुमची गरज तोंडावर बघूनच भाव सांगते. हे मामांनीच सांगितलेलं, कंडक्टर असताना असे कितीतरी पाहुणे त्यांनी वेळेवर खाली उतरवलेत म्हणे.

स्वतःच्या गाडीने गेलात तर फर्दापूरच्या आसपास बाइकवरची पोरं हात करतात, पार्किंग इकडे, गाडी इथे लावा. थांबू नका, सरळ टी पॉइंटच्या पार्किंगला जा आणि पावती घ्या. तिकिटाचं सोपं आहे, पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ५ रुपये कमी, १५ वर्षांखालच्या पोरांना लागत नाही. ते घरूनच मोबाइलवर काढून स्क्रीनशॉट ठेवा, दरीत रेंजचा भरवसा धरू नका, आणि मग 'लाइन न लावता तिकीट मिळवून देतो' वाला माणूस तुमच्यासाठी निकामी होतो. टी पॉइंटचे आणि बसचे पैसे वेगळे लागतात, त्यासाठी सुटे ठेवा. पाचशेची नोट काढली की आजूबाजूचे दहा डोळे पाकिटात डोकावतात.

गाइड घ्यायचा का? माझं मत घ्या, पहिल्यांदा जात असाल तर नक्की घ्या, पण बाजारातून मागे मागे आलेला नको. तिकीट खिडकीपाशी सरकारी ओळखपत्रवाले असतात, कार्ड बघा, आणि पैसे ठरवताना पूर्ण ग्रुपचे किती हे स्वच्छ विचारा, माणशी की मिळून यावरून नंतर वाद होतात. किती लेणी दाखवणार तेही आधी बोला, लेणी आहेत ३० आणि काही जण चार दाखवून घड्याळ बघायला लागतात. डोलीचं पण तसंच, घरात वयस्कर कोणी असेल तर डोली खरंच चांगली सोय आहे, ती माणसं घाम गाळून पैसे घेतात, फक्त जाऊन-येऊन किती आणि मध्ये थांबायचं किती ते उचलायच्या आधी ठरवा, आजी वर पोचल्यावर नाही.

पायऱ्या चढून एकदा आत गेलात की मोकळे झालात. संरक्षित स्मारकाच्या आत परवानगीशिवाय काही विकायला किंवा गिऱ्हाईक करायला १९५९ च्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे आत कोणी मागे लागलंच तर भांडायचं नाही, गार्डला नुसतं सांगायचं. कोणी हळूच जुनं नाणं, मूर्तीचा तुकडा वगैरे दाखवला तर बघूही नका, खरा असेल तर घेणारा कायद्यात अडकतो आणि खोटा असेल तर पैसे गेले.

आत घाई करू नका एवढंच सांगतो. १, २, १६ आणि १७ नंबरला चित्रं सगळ्यात चांगली आहेत, चपला बाहेर काढायच्या, फ्लॅश मारायचा नाही. आत शिरल्याबरोबर काहीच दिसत नाही आणि लोक "काय आहे इथं, अंधार" म्हणून परत फिरतात. तीन-चार मिनिटं गप उभं राहा, डोळे सरावले की १ नंबरमधला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, हळूहळू भिंतीतून बाहेर येतो. पिवळा, तांबडा, हिरवा हे रंग मातीचे आणि दगडांचे, काळा काजळीचा, पण निळा लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानकडून यायचा. दीड हजार वर्षं झाली, तो निळा अजून आहे. मामींचा जांभळा पाच मिनिटं टिकला.

१० नंबरला एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, २८ एप्रिल १८१९, वाघाच्या शिकारीला आला होता. त्याचं बघून आपल्याला कोरायची खुमखुमी येऊ देऊ नका. आणि ज्या रॉबर्ट गिलने पुढे कित्येक वर्षं इथे राहून या चित्रांच्या नकला काढल्या तो १८७९ ला वारला, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, भुसावळकरांनाच माहिती नसते.

शेवटी २६ नंबर. लोक दमतात आणि तिथपर्यंत जात नाहीत, तुम्ही जा. डाव्या भिंतीला बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची सुमारे ७ मीटर लांब निजलेली मूर्ती, आणि त्याच भिंतीवर पुढे मारविजयाचा देखावा. बुद्ध मधोमध बसलेत आणि मार, म्हणजे मोहात पाडणारा, त्यांचं ध्यान मोडायला आपली सगळी फौज घेऊन आलाय, कोणी धमकावतंय, खाली त्याच्या मुली नाचतायत, चारी बाजूंनी नुसता गलबला, आणि हे हूं नाही की चूं नाही. दाजी मामांना म्हणाले, "मामा, नीट बघून घ्या, बाजारातून असं जायचं असतं." मामा म्हणाले, "त्यांच्याकडं कोणी गाव विचारलं नव्हतं."

आता दगड खरंच आवडत असतील तर जरूर घ्या, मी दगडांच्या विरोधात नाही. आपल्या जळगावकडच्या खनिजांना जगभरचे संग्राहक ओळखतात, अॅपोफायलाइट, स्टिलबाइट असली नावं, आपल्याकडे विहिरी खोदताना, खदानीत काळ्या दगडाच्या पोकळीतून निघतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. लेणी पण त्याच काळ्या पाषाणात कोरलेली. खरा माल बहुतेक पांढरा, काचेसारखा पारदर्शक, फिकट हिरवा नाहीतर पीचसारख्या फिक्या रंगाचा असतो. भडक गुलाबी, शाईसारखा निळा दिसला की समजा बहुतेक रंगवलाय. खरा जांभळा पण असतो, पण त्याचा रंग खड्याच्या आतून दिसतो, रंगवलेल्यात तो भेगांमध्ये साचलेला दिसतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस बुडवून घासून बघा, ताईच्या पर्समध्ये असतोच. दुकानदार 'नका घासू' म्हणाला तर उत्तर मिळालं. आणि घ्यायचा तो येतानाच घ्या, उगाच चार तास वजन घेऊन कोण फिरणार, फक्त कोणाला शब्द न देता, दोन-चार गाळे आपल्या पायाने फिरून.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ही माणसं काही चोर नाहीत. फर्दापूर, लेणापूर या आजूबाजूच्या गावांतली पोरं आहेत, दिवाळी ते फेब्रुवारी हाच काय तो सीझन, मग उन्हाळ्यात दिवसभर एक गिऱ्हाईक नाही. २०२० ला लेणी कित्येक महिने बंद होती तेव्हा यांचं काय झालं असेल ते विचार करा. म्हणून अपमान करू नका, 'चल हट' म्हणू नका. सरळ नाही म्हटलेलं त्यांना पण परवडतं, त्यांचा वेळ वाचतो. त्यानंतर आम्ही एकदा गेलो तेव्हा मी दार उघडताच 'येतानाही नको दादा' म्हटलं, तो "बरं भाऊ" म्हणाला आणि मागून आलेल्या नाशिकच्या गाडीकडे पळाला. परत येताना त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, मलाच जरा चुकल्यासारखं झालं.

निघायचं तेवढं वेळेत निघा, संध्याकाळी लेणी बंद व्हायच्या सुमाराला खाली बससाठी भली मोठी रांग लागते आणि दमलेलं, रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक कोणाला नको असतं. मग पहूरला चहाला थांबा, आणि चहा येईपर्यंत पोरांचे खिसे तपासा. आमच्या भाच्याच्या खिशात मागच्या वेळी रुमालाच्या खाली एक पांढरा खडा निघाला, आणि त्याला गुंडाळलेला वहीच्या कागदाचा चिटोरा, त्यावर निळ्या स्केचपेनने गाळा नंबर आणि खाली लिहिलेलं, 'पुढच्या वेळी नक्की.'